उसन्याची पोरगी

ह्या पुस्तकात मी बऱ्याच माणसांची नावं बदलली आहेत. काही मेली, काहींची मुलं अजून आमच्याकडे लग्नकार्याला येतात, आणि काहींनी तर माझं काही वाकडंही केलेलं नाही. ह्या प्रकरणातलं नाव मात्र मी बदलणार नाही. अजय निखाडे. भंडाऱ्यात स्केटिंगचे वर्ग चालवतो, तोच. धाकट्या बहिणीनं हे कागद वाचले आणि म्हणाली, "ताई, दोघांचीही पन्नाशी उलटली आता, जाऊ दे ना." मी म्हटलं, पन्नाशी उलटली म्हणूनच घाई आहे. त्याच्या डोळ्यांना बारीक अक्षर दिसतंय तोवर हे छापून व्हायला हवं.

लाखनीच्या बाहेर, हायवेला लागून दोन राइस मिल होत्या. एकीत अरवा तांदूळ निघायचा, म्हणजे धान तसंच कोरडं भरडून. दुसरीत उसना, म्हणजे धान हौदात भिजवायचं, वाफेवर उकडायचं, वाळवायचं आणि मग भरडायचं. दोन्हींच्या मागे कामगारांच्या खोल्या होत्या आणि त्या खोल्यांतल्या माणसांना गावात कोणी आडनावानं ओळखत नसे. एक अरव्याचे आणि दुसरे उसन्याचे. शाळेत, बाजारात, सरकारी दवाखान्याच्या रांगेत, सगळीकडे तेच. "कोनाची पोट्टी होय हे?" "उसन्याची होय." एवढ्यात ओळख पुरी व्हायची. माझे बाबा बॉयलरवर होते आणि आई यार्डात, म्हणून मी उसन्याची. आमच्या कपड्यांना, केसांना, वह्यांनासुद्धा उकडलेल्या धानाचा आंबूस वास यायचा. तो आम्हाला येत नसे, दुसऱ्यांना येई, हे मला फार उशिरा कळलं.

आमची खोली एकच, पण लांबट. चूल दाराशी, बाबांची खाट मागे, मधे आम्ही दोघी बहिणी. घरातलं घड्याळ बंद पडून किती वर्षं झाली होती कोण जाणे, पण कोणाचं काही अडत नसे. पहिला भोंगा झाला की उठायचं, दुसऱ्याला बाबा जायचे, धान वर चढवणाऱ्या एलिव्हेटरची धडधड सुरू झाली की आमची शाळेची वेळ. ती धडधड अचानक थांबली तर जेवतानासुद्धा सगळ्यांचे हात थांबायचे. जेवण म्हणजे उसन्याचा जाड, सुटा भात, त्यावर लाखोळीच्या डाळीचं वरण आणि बाजूला झिंग्यांची चटणी. पावसाळ्याच्या शेवटी अंबाडी. तलावाचं पाणी उतरलं की बाबा मासे आणायचे, आणि त्या दिवशी आई भात जरा जास्तच टाकायची, कारण शेजारची पोरं वासावर यायची. आता माझ्या घरात डॉक्टरांच्या सल्ल्यानं हातसडीचा तांदूळ येतो. मी खाते, पण पोट भरल्यासारखं वाटत नाही.

यार्ड म्हणजे मिलसमोरची सिमेंटची जमीन, तिथे दोन शाळा भरतील एवढी मोठी आणि वर्षानुवर्षं धान घासून घासून गुळगुळीत झालेली. उकडलेलं धान तिच्यावर पसरायचं आणि ते सारखं वरखाली होत राहावं म्हणून बायांनी त्यातून पाय ओढत चालायचं. पाय उचलायचा नाही. चवडा जरा बाहेर, टाच आत, मग उलट, आणि अंगाचा भार एका पायावरून दुसऱ्या पायावर असा न्यायचा की मागे धानात सरळ सऱ्या उमटत जातात. आईच्या सऱ्या दोरी लावल्यासारख्या असत. मला तिनं सहाव्या-सातव्या वर्षीच शिकवलं. "पाय आपटू नोको वं, दाना फुटते," ती म्हणायची. "वाहू दे पायाले." आजकाल त्या मिलमध्ये वाळवणीची मशीन आहे आणि यार्डावर ट्रक उभे असतात. वरून उड्डाणपूल गेला, त्यामुळे हायवेच्या गाड्यांना लाखनी दिसतसुद्धा नाही.

निखाडे सर आमच्या शाळेत पीटी शिकवायचे. उंच, सडपातळ, गळ्यात शिट्टी, आणि डोक्यात सतत काहीतरी नवं खूळ. नागपुरातल्या कुठल्याशा शाळेनं टाकून दिलेले चार चाकांचे बूट त्यांनी पोतं भरून आणले होते. त्यांच्या भावाकडे रंगीत टीव्ही होता आणि त्यावर त्यांनी एकदा परदेशातला बर्फावरचा जोडीनाच पाहिला होता. तेव्हापासून त्यांना दुसरं काही सुचेना. पोरापोरींना समोर बसवून ते सांगायचे, "दोघं हातात हात घालून अशे जातेत, जसं काही जमीन त्यायच्या पायाखालून कोनी ओढून राहिला." बर्फ आमच्याकडे रसवंतीवर तेवढा, तोही भुशात गुंडाळलेला. पण चाकांवर तोच नाच करतात, त्याच्या जिल्ह्याच्या, राज्याच्या स्पर्धा असतात, हे सरांनी शोधून काढलं होतं. मग गुळगुळीत जमीन हवी म्हणून ते आमच्या मिलमध्ये आले. मॅनेजरशी बोलता बोलता त्यांचं लक्ष यार्डाकडे गेलं. मी आईच्या मागून धानात पाय ओढत चालले होते. सर बोलणं विसरले आणि थेट उन्हात येऊन उभे राहिले. "बाई, हे पोट्टी मले द्या," ते आईला म्हणाले. आईला वाटलं, घरकामाला मागतात. तिनं त्यांना चांगलं फैलावर घेतलं होतं.

जोडी लागली ती सरांच्या मुलाशी, अजयशी. तो माझ्याहून वर्षानं मोठा, दिसायला छान, आणि बापाच्या शिट्टीला इतका सरावलेला की झोपेतही पाय जुळवेल. सांगायला मला त्रास होतो, पण तो चांगला नाचायचा. यार्डातलं धान उचललं की पुढची उकड पसरेपर्यंत जमीन आमची. सर टेपरेकॉर्डर बॉयलरच्या भिंतीवर ठेवत आणि आम्ही तीनच्या तालावर फेऱ्या घालायचो. नाच ठरलेला असे. सगळ्या जोड्यांना तीच धून, त्याच पायऱ्या, त्याच वळणावर तीच गिरकी, म्हणजे कोण चांगलं ते लगेच कळावं. त्याचा उजवा हात माझ्या कंबरेला, डावे हात एकमेकांत, आणि बुटाच्या बाहेरच्या कडेवर झुकून आम्ही दोघं एकदम वळायचो. ते वळण नीट पडलं की पोटात जे काही व्हायचं, ते मला पुढं लग्नात झालं नाही, मूल झाल्यावरही झालं नाही. यार्डाच्या कडेला टोपल्या पालथ्या घालून बाया बघत बसायच्या. राज्याच्या स्पर्धेत पहिल्या दोन जोड्या देशाच्या स्पर्धेला जातात, असं सर म्हणाले, आणि त्या दिवसापासून मला दुसरं काही नको होतं.

परवा भाचीनं मोबाइलवर तुर्कस्तानातली एक कोवळी पोरगी दाखवली. बर्फावर जोडीनं नाचते, देशोदेशी स्पर्धांना जाते. खाली तिची सगळी हकिगत लिहिली होती, भाचीनं वाचून दाखवली. अमुक वर्षं अमुक मुलाबरोबर, मग जोडी मोडली, मग एक वर्ष काहीच नाही, मग दुसरा मुलगा. "जोडी मोडली" एवढंच लिहिलं होतं. कोणी मोडली, कशी मोडली, त्या रिकाम्या वर्षी ही पोरगी काय करत होती, कुणाच्या नावानं बोटं मोडत होती, एक अक्षर नाही. मला त्या लिहिणाऱ्याचा भयंकर राग आला. भाची म्हणाली, "मावशी, तू एवढी लाल काहून झालीस?"

राज्याची स्पर्धा पुण्यात होती. आम्ही भंडारा जिल्ह्याकडून गेलो: अजय, मी, सर, आणि रुचिता नावाची भंडाऱ्याची एक मुलगी. तिचे वडील कुठल्याशा खात्यात मोठे अधिकारी होते. ती राखीव म्हणून आली होती. तिला नाच येत होता, पण वळणावर ती झुकायची नाही, ताठ उभी व्हायची. गाडीत सरांनी मला बजावलं, "तेथं जास्त बोलू नोको. आपली बोली आयकून हासतेत ते." मी मान हलवली. नवे पांढरे मोजे आईनं घरच्या साबणानं तीनदा धुऊन दिले होते, वास जावा म्हणून.

हॉलच्या दाराशी नोंदणीचं टेबल होतं. सर चाकं घट्ट करून आणायला गेले होते आणि अजय नि मी रांगेत होतो. टेबलाशी बसलेले गृहस्थ पुण्याकडचे, जाड चष्म्याचे. आमच्या यादीत माझं नाव मागाहून, वेगळ्या शाईनं लिहिलेलं होतं, ते त्यांच्या डोळ्यात खुपलं असावं. त्यांनी विचारलं, "ही मुलगी कुठली?" दोघंही एकाच जिल्ह्याचे हवेत असा नियम होता. आणि अजयनं, गावात शंभरदा सांगितलं तसं, सहज सांगून टाकलं, "उसन्याची होय सर."

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "उसनी? काय गं, उसनी आहेस तू?"

शेजारणीकडून साखर उसनी आणतात, तो अर्थ मला ठाऊक नव्हता अशातला भाग नाही. पण मी पंधरा वर्षांची, तोंड उघडू नको म्हणून बजावलेलं, आणि एवढ्या परक्या गावात एक माणूस मला माझ्या मिलच्या नावानं विचारत होता. मला तर बरंच वाटलं. मी ताठ उभी राहून म्हणाले, "हाव सर. आम्ही उसन्याचेच."

"बघा, मुलगी स्वतःच कबूल करते आहे," ते शेजारच्याला म्हणाले आणि माझ्या नावावरून पेन फिरवलं.

पेन फिरल्यावर मला समजलं. मी ओरडले, "सर, तांदूळ! उसना म्हणजे तांदूळ असते!" टेबलावरची चारही माणसं हसली. मागची रांग हसली. मी बोलत राहिले, हौद, वाफ, बॉयलर, बाबा, आई, आणि जितकं बोलले तितकं ते हसू वाढत गेलं. शेवटी चष्मेवाल्यांना माझी दया आली असावी. ते वाईट माणूस नव्हते, हे मी आजही म्हणते. त्यांनी अजयला जवळ बोलावलं. "तू सांग रे बाबा खरं. ही तुमच्याच गावची आहे की बाहेरून आणलेली?"

अजयनं तोंड उघडलं. मग त्याची नजर माझ्यावरून पलीकडे गेली. तिथं बाकावर रुचिता नवे, चमकणारे बूट बांधत बसली होती. तिनं हात हलवला. ह्यानं तोंड मिटलं, पुन्हा उघडलं आणि म्हणाला, "मला माहीत नाही, सर."

"मला." जन्मभर "मले" म्हणणारा मुलगा त्या टेबलापुढे "मला" म्हणाला. त्याच्या बापाच्या शाळेत मी नऊ वर्षं शिकत होते. माझ्या आईच्या हातचा चहा तो रोज पीत होता.

सर आले तेव्हा यादी आत गेली होती. त्यांनी थोडा आवाज चढवला, थोडे हातवारे केले, आणि मग खांदे पाडून म्हणाले, "आता काई होत नाही शोभा. तू लाखनीची होय असा कागदच नाही ना आपल्याजोळ." सर आता नाहीत. गेलेल्या माणसाबद्दल वाईट लिहू नये म्हणतात, पण माझा संशय मी लिहून ठेवते: त्यांना मनापासून भांडायचं असतं तर ते भांडले असते. हौशी माणूस होता, आणि अधिकाऱ्याच्या मुलीच्या येण्यानं पुढचे दरवाजे उघडतील असं त्याला वाटलं. मी माझे बूट मांडीवर घेऊन वरच्या बाकावर बसले आणि माझा नाच रुचिताला नाचताना पाहिला. ती वळणावर उभी झाली. तरी त्यांचा दुसरा नंबर आला, कारण एक सोडून बाकीच्या जोड्या त्याहून वाईट होत्या. म्हणजे आमचा पहिला आला असता. हा हिशेब मी त्या बाकावर केला तो आजपर्यंत चुकलेला नाही.

लाखनीत त्यांच्यासाठी डफडं वाजलं, गुलाल उधळला. मला "उसनी" हे नाव पडलं. पूर्वी "उसन्याची" म्हणजे ओळख होती, आता "उसनी आली, उसनी आली" करत पोरं मागे यायची. मी आईला टेबलावरचं सगळं सांगितलं. आईनं डोळ्याला पदर लावला नाही की मला जवळ घेतलं नाही. ती भात चाळवत होती, चाळवतच राहिली. मग म्हणाली, "बापाले सांगू नोको. तो आत्ताच जाईन सरच्या घरी अन् भांडून येईन, अन् दोन दिवसांत सप्पा थंडं होईन. धान घाईनं सुकवलं का काय होते?"

"दाना फुटते," मी म्हणाले.

"मंग."

माझी आई शांत, कष्टाळू आणि गरीब स्वभावाची बाई म्हणून वस्तीत प्रसिद्ध होती. मला मात्र सुडाची पहिली शिकवणी तिच्याकडूनच मिळाली, आणि ह्याबद्दल मी तिची फार ऋणी आहे.

वर्ष गेलं. मी यार्डात एकटी, धान उचललं की नाचायची, अजयच्या जागी हवा धरून. मग रुचिताच्या वडिलांची बदली झाली आणि ती गेली. पंधरा दिवसांत सर आमच्या दारात आले आणि खाटेवर बसले. आईनं चहा दिला, बशी न देता. सर म्हणाले, यंदा अजयचं, म्हणजे जोडीचंही, वयाच्या गटातलं शेवटचं वर्ष, अजयला जोडीदार नाही, तलाठ्याचा दाखला, सही-शिक्का, सगळं मी स्वतः करून आणतो. बाबांचा चेहरा उजळला. मी आईकडे पाहिलं. ती चुलीत काटक्या सारत होती, तिनं वर बघितलं नाही. मी म्हणाले, "येतो सर."

पुढचे चार महिने मी जशी नाचले तशी कधी नाचले नव्हते. आधी वाटलं होतं, वरवर नाचावं, मनात राग ठेवावा. पण पायांना वरवर काही करता येत नाही. हिवाळ्याची सकाळ, धानाच्या वाफा, सिमेंट नुकतं झाडलेलं, आणि आम्ही दोघं बाहेरच्या कडेवर झुकून असे वळायचो की सर शिट्टी वाजवायचं विसरायचे. वळणात कधी कधी मी सूड पार विसरून जायची. हे लिहिताना लाज वाटते, पण खरं तेच लिहायचं ठरवलंय. मी त्याला संधीही दिली. एकदा बूट काढताना सरळ विचारलं, "मागच्या साली टेबलावर तू तसं काहून बोललास?" त्यानं एक शब्द बोलायचा होता. चुकलो, बस. मी सगळं सोडलं असतं, आणि देशाच्या स्पर्धेत नाचले असते. तो फीत गुंडाळत म्हणाला, "सोड ना आता, झालं ते झालं. तुले तं आता पुन्हा घेतलं ना आम्ही?"

घेतलं म्हणे. त्या शब्दावर माझं ठरलं.

त्या वर्षी स्पर्धा दुसऱ्या शहरात होती. टेबलावर सगळे दाखले होते, कोणी काही विचारलं नाही. मी मात्र विचारलं. सकाळीच तिथल्या एका पंच बाईंकडे गेले आणि म्हणाले, "बाई, धून सुरू झाल्यावर किती वेळात निघावं लागते?" त्या म्हणाल्या, "वीस आकडे मोजेपर्यंत. नाही निघालात तर जोडी बाद." मग हसून पाठीवर हात ठेवला, "घाबरू नकोस, निघशील तू."

आमचं नाव पुकारलं. आम्ही मधोमध जाऊन उभे राहिलो, हातात हात, त्याचा हात माझ्या कंबरेला. लाकडी जमीन, आरशासारखी. धून सुरू झाली आणि मी मोजायला लागले. पाचव्या आकड्याला त्यानं अंग पुढं झुकवलं. मी जागची हलले नाही. "चाल," तो पुटपुटला. आठ, नऊ. "शोभा, चाल ना. अवं चाल!" त्याचा तळवा घामानं ओला झाला होता आणि मी तो सोडला नाही. तो एकटा निघू पाहत होता, त्याला निघू दिला नाही. धानाची पोती उचलणाऱ्या घरातली मुलगी होते मी, माझ्या मनगटात जोर होता. चौदा, पंधरा. समोर सर उभे राहिलेले दिसले, तोंडातली शिट्टी खाली पडलेली. सतराव्या आकड्याला ती जागा आली, जिथं पहिलं वळण घ्यायचं असतं, आणि माझा उजवा पाय आपोआप बाहेरच्या कडेवर कलला. त्या पायाला जायचं होतं. मी सांगते, जगात मला कोणी इतकं विनवलं नाही जितकं त्या पायानं विनवलं. मी टाच खाली दाबली. एकोणीस. वीस.

पंचांची शिट्टी झाली. आता तो माझ्यावर ओरडेल, मग मी त्याला सांगेन, त्याच्याच शब्दांत, मला माहीत नाही, सर. हे वाक्य मी वर्षभर घोकलं होतं.

तो ओरडला नाही. त्यानं वळून माझे दोन्ही खांदे धरले, माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि त्याचा चेहरा एकदम मऊ झाला. "भेली का वं?" तो म्हणाला. "काही नाही होत. रडू नोको. भेव लागते मानसाले." मी बोलायला तोंड उघडलं, पण शब्दाआधी संतापानं डोळ्यांतून पाणीच यायला लागलं. झालं. पाणी पाहून सगळा हॉल टाळ्या वाजवायला लागला, धीर देणाऱ्या टाळ्या. सर धावत आले तर हा त्यांना म्हणतो, "बाबा, तिले काही म्हणू नका." त्यानं मला बाकावर बसवलं, कुठून तरी थंड बाटली आणून दिली, आणि स्वतःचं वाटोळं झालेलं असताना मला वारा घालत बसला. मी त्याचं सगळं हिसकावून घेतलं होतं, त्याचं आणि माझंही, आणि तो त्यातून भला माणूस होऊन बाहेर पडला.

लाखनीत मी "भेकड" झाले नाही, ते तरी बरं वाटलं असतं. मी "बिचारी" झाले. शाळेत बाईंनी माझ्यासाठी वर्गाला धैर्यावर गोष्ट सांगितली. बाबा म्हणाले, जाऊ दे बेटा, मोठमोठे भेतेत. आईनं दोन दिवस काही विचारलं नाही. तिसऱ्या दिवशी आम्ही दोघी यार्डात धान फिरवत होतो, तेव्हा मान खाली ठेवूनच म्हणाली, "भेली का थांबली?"

"थांबली."

ती एक अख्खी सरी चालून गेली आणि परत आली. "मंग सांगत काहून नाही लोकायले?"

"कोन मानते?" मी म्हणाले. एकदा तांदूळ म्हणून ओरडून पाहिलं होतं.

त्या दिवशी आईच्या सऱ्या वाकड्या गेल्या, आणि मुकादमानं तिला त्यावरून बोल लावला. बूट मी सरांकडे परत पाठवून दिले. पुन्हा चाकांवर पाय ठेवला नाही.

मागच्या महिन्यात लाखनीच्या एका शाळेत अजयचा सत्कार झाला. त्याच्या वर्गातली दोन मुलं कुठं तरी जिंकून आली होती. मीही गेले, मागच्या खुर्चीवर बसले. तो पांढऱ्या केसांत चांगला दिसतो. माइक हातात घेऊन त्यानं मुलांना माझी गोष्ट सांगितली. नाव घेतलं नाही, मोठेपणा तेवढा. "माझी एक जोडीदार होती," तो म्हणाला. "फार गुणी मुलगी. ऐन वेळी घाबरली, आमचं सगळं गेलं. पण मी तिला आजवर एका शब्दानं दोष दिला नाही. खेळ हेच शिकवतो." पोरांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या शेजारच्या बाईनं डोळे पुसले.

घरी येऊन मी त्याला फोन लावला. ओळख दिली. तो खरोखर खूश झाला. मी म्हणाले, "अजय, त्या दिवशी मी भेली नव्हती. मुद्दाम थांबली होती. वीस मोजून."

मग तो हसला, अगदी मायेनं. "अवं शोभा, एवढ्या सालानं कायले मनाले लावून घेऊन राहिली? लेकरं होतो आपण. भेव लागनं काही गुन्हा होय का?"

"पुण्याच्या टेबलावर तू 'मला माहीत नाही' म्हणालास. त्याचं होतं ते."

"कोनत्या टेबलावर?" तो म्हणाला. "मले नाही आठवत बाप्पा."

"मले" म्हणाला. मी पाठ भिंतीला टेकून ऐकत होते, दोनदा मनात म्हणून पाहिलं. "मले"च म्हणाला होता, खोटं बोलतानाचं "मला" नव्हे. म्हणजे त्याला खरंच आठवत नव्हतं. ज्या एका वाक्याभोवती माझी पस्तीस वर्षं गेली, ते त्याच्या डोक्यातून बहुधा त्याच दिवशी, रुचिताचा हात धरतानाच निघून गेलं होतं. तो पुढं बरंच बोलला. गुडघे दुखतात म्हणाला, एकदा वर्गावर ये, पोरांना तुझा अनुभव सांग म्हणाला. मी हो म्हणून फोन ठेवला आणि त्याच दुपारी कागद घेऊन बसले.

पुस्तक छापून आलं की पहिली प्रत मी पोस्टानं पाठवणार नाही, कोणाच्या हाती देणार नाही. भंडाऱ्याला त्याच्या घरी स्वतः जाईन. हे प्रकरण उघडून त्याच्या हातात देईन, समोर खुर्ची ओढून बसेन, आणि तो पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचून काढेपर्यंत उठणार नाही. त्याची बायको चहा आणेल. मी घेणार नाही.